बरणीवर चालणारी गाडी

यांनी माझी लोणच्याची बरणी मला न विचारता गाडीत बसवली, तिथून ही हकीकत सुरू होते. बरणी काचेची, जाड बुडाची, फिरकीच्या झाकणाची. लोणचं संपत आलं होतं हे खरं, पण संपलं नव्हतं. राहिलेल्या फोडी यांनी एका वाटीत काढून ठेवल्या, बरणी साबणाने घासली, झाकणाला भोकं पाडली आणि मग मला हाक मारली. म्हणाले, "हे बघ, आता आपली गाडी पाण्यावर चालणार." मी वाटीकडे बघितलं, बरणीकडे बघितलं, यांच्याकडे बघितलं. बोलणार काय, डोंबल?

आम्ही तेव्हा देवासला राहायचो. सत्तरीच्या दशकात देवासला कारखाने आले तशी महाराष्ट्रातून माणसं आली, त्यात हे सांगलीकडून आले. एका कारखान्यात विजेच्या खात्यात सुपरवायझर होते. मी मात्र इथलीच, धारची. आमच्या घरातली माणसं संस्थानच्या काळापासून धारला कचेरीत कामाला. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, ते संस्थानात चिकटले आणि मध्यप्रदेश सरकारातून पेन्शनीत निघाले. माझं बोलणं ऐकून हे लग्नानंतर पहिलं वर्षभर हसत होते. आमच्या घरात 'मातोश्री' आणि 'भोजन' चालायचं आणि त्याच वाक्यात 'अरे भिया, जरा सरक ना' पण चालायचं. हे म्हणायचे, तुमची मराठी अर्धी पेशव्यांची आणि अर्धी पानवाल्याची. मी म्हणायची, तुमची तर पूर्ण सांगलीच्या हळदीची, पिवळीधमक. असं आमचं चालायचं.

गाडी आम्ही जुनी घेतली होती. कारखान्यातल्या एका साहेबांची बदली झाली आणि ते जाता जाता ती यांच्या गळ्यात मारून गेले. मागचं डावं दार आतून उघडायचं नाही. पेट्रोलचा काटा मेलेला, तो कायम मधोमध उभा, टाकी भरा नाहीतर रिकामी करा. पण चालायची. आणि ती घेतली होती फक्त माझ्या रविवारांसाठी.

माझी आई गेली आणि आबा धारला एकटे पडले. मी एकुलती एक. आबांना काचबिंदू होता, नजर कडेकडेनं विझत आत आली होती, समोरचं थोडं दिसायचं, बाजूचं काही नाही. देवासला या म्हटलं तर ऐकायला तयार नाहीत. लेकीच्या घरी मुक्काम करायचा नाही, ही त्यांची जुनी रीत. पाणी पिऊन निघायचे फार तर. मग काय, दर रविवारी मीच जायची. आठवडाभर टिकेल असं काहीतरी रांधून ठेवायची, आलेली पत्रं वाचून दाखवायची, त्यांची नखं कापायची. स्वतःची नखं कापताना त्यांनी एकदा बोट कापून घेतलं होतं, तेव्हापासून ते काम माझं. बोटं माझ्या हातात देऊन ते गावातल्या मुंज तलावात या वर्षी पाणी किती आहे ते सांगत बसायचे, जसं काही स्वतः बघून आले.

गाडी नव्हती तेव्हा मी बसनं गेले आहे. देवासहून इंदूर, इंदूरला उतरून दुसरी बस, ती धारला. रविवारची गर्दी, कडेवर लहान मुलगी, तिला बस लागायची. पोचेपर्यंत दुपार व्हायची, हातपाय धुऊन जेवलं की परतीची बस गाठायची घाई. आबा म्हणायचे, "आलीस काय नि चाललीस काय, मला तर पत्ताच लागला नाही." गाडी आली आणि मला धारची अख्खी दुपार मिळाली.

आणि मग पेट्रोलचे भाव भडकले. आधी एकदा भडकले होते तेव्हा आमच्याकडे सायकल होती, आम्हाला काय फरक पडणार. या वेळी मात्र झळ थेट घरात आली. हे काही बोलणारे नव्हेत, पण दोन-तीन महिने ओढाताण बघून एकदा चहा पिता पिता म्हणाले, "धारला महिन्यातून एकदा गेलं तर चालेल का?" मी कपबशा उचलून आत नेल्या. थोड्या दिवसांनी म्हणाले, "कोणी गिऱ्हाईक मिळालं तर विकून टाकू म्हणतो." त्या दिवशीची भाजी इतकी खारट झाली की यांना ती दह्यात कालवून खावी लागली. गाडी गेली की माझा रविवार गेला, आणि माझा रविवार गेला की आबांचा सगळा आठवडा गेला. हे यांनाही कळत होतं. म्हणूनच तर बरणी.

कुठल्याशा इंग्रजी मासिकात यांनी वाचलं होतं. पाण्यात विजेचा प्रवाह सोडायचा, पाण्याचे दोन वायू होतात, त्यातला हायड्रोजन भुर्रकन जळतो. तो नळीनं इंजिनात सोडला की पेट्रोल कमी लागतं. आपल्याला करायचं काय, तर बरणी, पाणी, चिमटीभर खाण्याचा सोडा, स्टीलचे दोन पत्रे आणि गाडीचीच बॅटरी. पत्र्यांसाठी माझ्या डब्याची झाकणं गेली. सोडा माझा. नळी तेवढी यांनी बाजारातून आणली, तीही मी आणलेल्या पिशवीतून.

घरात पहिला प्रयोग झाला तो मला अजून दिसतो. ओसरीवर बरणी, शेजारी बॅटरी, आणि हे मांडी घालून, जसे सत्यनारायणाला बसलेत. तारा लावल्या आणि पत्र्यांवरून बारीक बारीक बुडबुडे सुटायला लागले. नळीचं टोक यांनी साबणाच्या पाण्यात बुडवलं, फेस आला, आणि फेसाला लांबून काडी लावली. फाट्दिशी असा आवाज झाला की शेजारच्या काकू पोळपाट हातात घेऊन बाहेर आल्या. यांच्या पुढच्या केसांचा थोडा भाग करपला. पण चेहरा! तो आनंद मी लग्नातसुद्धा यांच्या तोंडावर बघितला नव्हता. म्हणाले, "बघितलंस? पाणी पेटलं." मला राग यायला हवा होता. आला नाही. माझ्या रविवारासाठी केस जाळून घेणारा माणूस, त्याच्यावर कसं रागवायचं?

मग बरणी गाडीच्या बॉनेटखाली गेली, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी करकचून बांधली. आणि हिशेब कसा करायचा तेही यांनी ठरवलं. शनिवारी देवासच्या पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरायची. रविवारी धार करून यायचं. सोमवारी सकाळी त्याच पंपावर पुन्हा गळ्यापर्यंत भरायची. जेवढं पेट्रोल आत गेलं तेवढं धारला लागलं. सरळ काम, चुकायला जागाच नाही.

पहिल्या सोमवारी हे पंपावरून आले ते चपला न काढता थेट स्वयंपाकघरात. म्हणाले, "अगं, कमी लागलं. चांगलं कमी लागलं." मी म्हटलं, पंपवाल्यानं कमी भरलं असेल. पुढच्या सोमवारी पुन्हा कमी. त्याच्या पुढच्या सोमवारी पुन्हा. मग मीसुद्धा बोलायची बंद झाले. गाडी विकायची गोष्ट घरातून गेली, माझ्या हातची भाजी पुन्हा खाण्यालायक झाली आणि मी देवघरात बसले की मनातल्या मनात त्या बरणीलाही नमस्कार करायला लागले. हसायचं तर हसा.

कारखान्यात यांच्याच खात्यातले एक गृहस्थ होते, फार शांत. ते आमच्याकडे चहाला आले, बॉनेट उघडून त्यांनी बरणी बघितली आणि म्हणाले, "पण मला एक सांगा, ही वीज येते कुठून?" हे म्हणाले, बॅटरीतून. "आणि बॅटरी कोण भरतं?" हे म्हणाले, इंजिन. "आणि इंजिन काय पितं?" यांनी बॉनेट खाली घेतलं. मी शाळेत विज्ञान चौथ्या बाकावर बसून शिकलेली, पण एवढं मलाही कळलं की पेट्रोल जाळून वीज करायची, विजेनं पाणी फोडायचं आणि तोच वायू जाळून पेट्रोल वाचवायचं, यात कुठंतरी गळती असणारच, फायदा कसला? हे मान हलवत म्हणाले, "कागदावर तुम्ही म्हणता तेच बरोबर आहे. मीही तेच शिकलोय. पण टाकीत कमी जातंय त्याचं काय करू?" ते गृहस्थ बशीत चहा ओतून पीत राहिले.

नंतर एकदा आम्ही उज्जैनला एका मुंजीला गेलो. बरणी लावलेलीच होती. दुसऱ्या दिवशी पंपावर टाकी भरली तर पेट्रोल पूर्वीइतकंच लागलं, थेंब वाचला नाही. यांचं तोंड उतरलं. पुढच्या रविवारी धार केलं, तर परत बचत! म्हणजे बरणी धारच्याच रस्त्यावर चालायची, बाकी कुठं नाही. आता या गोष्टीवर एखादा दुसरा माणूस काय म्हणाला असता? पण आमचे हे. यांनी बसून विचार केला आणि शोधून काढलं की धारला पोचल्यावर बरणीतलं पाणी कमी झालेलं असतं, आणि ते आपण आबासाहेबांच्या विहिरीतून भरून घेतो. तर जादू आहे ती त्या विहिरीच्या पाण्यात. त्यात कसलेसे क्षार असणार. मी म्हटलं, अहो, त्या पाण्यात डाळसुद्धा शिजत नाही. हे म्हणाले, "तेच तर!"

आणखी एक होतं. धारहून परतताना गाडीत पेट्रोलचा वास यायचा. हे म्हणायचे, टाकीचं झाकण नीट बसत नाही, वायसर बदलला पाहिजे. दोनदा बदलला. वास येतच राहिला.

झालं. यांनी कारखान्यात जाहीर करून टाकलं. मोठ्या साहेबांपर्यंत गोष्ट गेली. ठरलं असं की पुढच्या आठवड्यात, सुटीच्या दिवशी, साहेब आणि खात्यातली मंडळी स्वतः गाडीत बसतील, देवास ते इंदूर आणि परत, बरणी लावून आणि बरणी काढून. पाणी धारचंच वापरायचं. त्यासाठी त्या रविवारी यांनी बरोबर प्लॅस्टिकचे कॅन घेतले आणि आबांच्या विहिरीवर उभं राहून स्वतः पाणी शेंदून भरले. आबा ओट्यावर बसून आवाज ऐकत होते. म्हणाले, "जावईबापू, पाणी न्यायचं तर चांगलं नगरपालिकेच्या नळाचं न्या. हे मचूळ आहे." हे म्हणाले, "मला मचूळच पाहिजे, आबासाहेब."

इथं यांच्याबद्दल एक सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. लग्नात यांनी माझ्या वडिलांकडून नारळ सोडून काही घेतलं नव्हतं. आबांनी घड्याळ आणलं होतं, अंगठी केली होती. हे म्हणाले, मुलगी दिलीत तेवढं बस, बाकी मी काही घेणार नाही, आत्ताही नाही आणि पुढेही नाही. दिवाळसणालाही तेच. सगळ्यांनी वाहवा केली. आबांनीही केली, पण त्यांना ते लागलं होतं. जावयाला काही देता येऊ नये म्हणजे सासऱ्याचे हात बांधल्यासारखेच की. आई म्हणायची, जाऊ द्या, स्वभाव आहे. आणि जाताना माझी ओटी मात्र ती अशी भरायची की पदर फाटायचा राहायचा. तांदूळ, नारळ, खण, त्यात खाली एखादा डबा, लाडवांचा. ओटी लेकीची, तिला यांना नाही म्हणता यायचं नाही.

त्या रविवारी मी बाफले केले होते, कणकेचे उकडून भाजलेले गोळे. माळव्यात राहून रविवारी दाल-बाफले नाही केले तर पाप लागतं म्हणतात, मी म्हणते बरं. हे तुपात बुडवलेले चार खाऊन आतल्या खोलीत आडवे झाले. मुलगीही झोपली. मी भांडी आवरून परसदारी राख टाकायला गेले, आणि तिथून मला अंगणातल्या कडुनिंबाखाली गाडीमागे दोन माणसं दिसली.

एक आमचे आबा. वाकलेले, डाव्या हातानं गाडीचा पत्रा चाचपत टाकीचं तोंड शोधत होते. दुसरा शेजारचा जीपवाला, धार-गंधवानी फेऱ्या मारायचा तो. त्याच्या हातात तुपाचा रिकामा डबा. रिकामा म्हणजे तुपाचा रिकामा, त्यात पेट्रोल होतं. आबांनी टाकीच्या तोंडात नरसाळं बसवलं, जीपवाल्यानं डबा द्यायला हात पुढं केला, तर आबा म्हणाले, "नाही, मी." आणि डबा स्वतः धरून ओतायला लागले. थोडं आत, थोडं धोतरावर.

मी जाऊन उभी राहिले. जीपवाल्यानं मला बघितलं आणि डोकं खाजवत म्हणाला, "जीजी, मेरे को मत बोलना कुछ. बाबूजी ने बोला था किसी को बताना नी."

मी म्हटलं, "आबा, हे काय चाललंय?"

"हळू बोल," आबा म्हणाले. "जावईबापू उठतील."

"किती दिवसांपासून?"

"गाडी महाग झाली म्हणालीस ना तू, तेव्हापासून."

मला आठवलं, मीच एकदा नखं कापता कापता बोलून गेले होते की पेट्रोल परवडत नाही, गाडी विकायची म्हणतात. तेव्हा आबा मुंज तलावाचंच सांगत बसले होते. मी म्हटलं, "अहो आबा, तिकडे हे सगळ्या देवासला सांगत सुटलेत की बरणीनं पेट्रोल वाचतं. पुढच्या आठवड्यात साहेब गाडीत बसणार आहेत."

आबांनी डबा खाली केला. म्हणाले, "बरणीनं वाचतं असं ते म्हणाले, तेव्हा मला बरं वाटलं गं. म्हटलं, त्यांना कळत नाही ते छान आहे. कळलं तर घेतील का ते माझ्याकडून?"

"पण तुम्ही कशाला करता हे? तुम्हाला दिसत नाही, वाकवत नाही."

आबांनी धोतराच्या सोग्यानं डब्याचं तोंड पुसलं. मग म्हणाले, "तुझी आई होती तोवर तू या घरातून कधी रिकामी गेली नाहीस. ती गेली आणि तू म्हणालीस, आता शेजारणीला कशाला बोलवायचं, राहू द्या ओटीबिटी. तू म्हणालीस खरं. पण तू निघालीस की मला इथं बसवत नाही. मी पुरुषमाणूस, त्यातून बायको गेलेला. मला ओटी भरता येत नाही. म्हणून ही भरतो." आणि त्यांनी गाडीच्या पत्र्यावर हात ठेवला.

राखेची पाटी हातात, आणि रडू काही थांबेना. जीपवाला बिचारा डबा घेऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. आबा विचारत होते, "रडतेस का? पेट्रोल डोळ्यात गेलं का?" मी म्हटलं, हो, तेच गेलं.

परतीच्या वाटेवर हे खुशीत होते. मागे कॅन डचमळत होते आणि हे सांगत होते की साहेबांना आधी इंदूरपर्यंत कसं नेणार, मग काय दाखवणार. मी खिडकीबाहेर बघत होते. सांगितलं तर हे आबांचं पेट्रोल घेणार नाहीत, आणि आपल्या पैशानं दर रविवार परवडणार नाही, म्हणजे गाडी विकली जाणार. न सांगितलं तर सगळ्या कारखान्यासमोर माझा नवरा वेड्यात निघणार. आबांनी मला शपथ वगैरे घातली नव्हती. घातली असती तर बरं झालं असतं, शपथेवर ढकलता आलं असतं. घाटाबिल्लोदचा पूल आला आणि मला राहवेना. मी म्हटलं, "गाडी जरा कडेला घ्या."

मी सगळं सांगितलं. तुपाचा डबा, नरसाळं, ओटी, सगळं. हे पुढं बघत ऐकत होते. माझं झाल्यावर उतरले, बॉनेट उघडलं, ट्यूबच्या पट्ट्या सोडल्या आणि बरणी काढून तिच्यातलं तांबूस पाणी रस्त्याच्या कडेला ओतलं. मग मागचे कॅन काढून तेही ओतले. एक एक, शेवटच्या थेंबापर्यंत. मला वाटलं आता काहीतरी बोलतील, ओरडतील तरी. परत येऊन बसले आणि एवढंच म्हणाले, "मला हिशेब माहीत होता गं. वीज कुठून येते ते मला का माहीत नव्हतं? पण तुझं धार बंद होऊ नये असं इतकं वाटत होतं की आकडा दिसला आणि मी धरून बसलो." पुढं देवासपर्यंत मुलगी तेवढी मागच्या सीटवर गाणं म्हणत होती.

तो आठवडा वाईट गेला. यांनी कारखान्यात जाऊन सांगितलं की माझ्या मोजण्यात चूक झाली, बरणीनं काही होत नाही. चूक कसली ते सांगितलं नाही. लोक हसले असतील, हसणारच, मी तिथं नव्हते. ते शांत गृहस्थ मात्र संध्याकाळी घरी येऊन काही न बोलता चहा पिऊन गेले. मला घरात काही सुचत नव्हतं. मी मनाची तयारी करत होते. आबांना कसं सांगायचं, महिन्यातून एकदा येईन म्हणून? त्यांची नखं कोण कापणार? जीपवाल्याची बायको भली होती, तिला सांगून ठेवावं का? शनिवारी हे पंपावर गेले नाहीत. मी समजले. रविवारी सकाळी बसच्या हिशेबानं मी लवकर उठले, मुलीची वेणी घातली, वांतीसाठी पिशव्या घेतल्या.

हे बाहेर गाडी पुसत होते. मला म्हणाले, "बस कशाला? आवर, निघू या."

मी विचारलं नाही काही. विचारलं तर फिरतील अशी भीती. वाटेत पेट्रोलचा विषय निघाला नाही, बरणीचाही नाही. धारला पोचल्यावर आबांनी ओट्यावरूनच विचारलं, "जावईबापू, बरणी काय म्हणते?" कधी खोटं न बोलणारा माणूस माझा, दारात नकोसं माणूस आलं तर 'नाही घरी' असं सांगायलाही याची जीभ वळायची नाही.

"झकास चाललीय, आबासाहेब," हे म्हणाले. "तुमच्या विहिरीच्या पाण्याची कृपा."

आबांचा चेहरा इतका उजळला की मी आत निघून गेले आणि कणीक मळायला घेतली. त्या दिवशी हे पोटभर जेवले, आणखी एक बाफला मागून घेतला, आणि ताटावरून उठून आतल्या खोलीत गेले. थोड्या वेळानं मी पाण्याचा तांब्या ठेवायला खोलीत गेले. हे खाटेवर पडले होते, उशीवर डोकं, हात छातीवर, आणि डोळे सताड उघडे, छताकडे. बाहेर अंगणात तुपाचा डबा खडखडला. दाराबाहेरून आबा दबक्या आवाजात म्हणाले, "झोपले का गं जावईबापू?"

मी यांच्याकडे बघितलं. यांनी भिंतीकडे कूस वळवली आणि हळूच म्हणाले, "झोपलेत म्हणून सांग."